चाचणी भोंगा

संस्कृती नदीकाठी जन्मल्या असे शाळेत शिकवतात. त्या टिकल्या कशामुळे, हे मात्र कोणी शिकवत नाही. त्या टिकल्या, कारण पाणी चढू लागले की इतरांना वेळेवर ओरडून सांगणारा एक तरी जबाबदार मनुष्य प्रत्येक काठावर उभा होता. मानवजातीवर ह्या माणसाचे जे ऋण आहे ते फिटण्यासारखे नाही, आणि ते फेडण्याचा प्रयत्न कोणत्याही शासनाने केलेला नाही. आमच्या ह्या काठावरचा मनुष्य म्हणजे भरत. शहापूर आणि मुरबाड ह्यांच्यामध्ये डोंगरात एक धाकटे धरण आहे. त्याचे पाणी मुंबई पीत नाही. मुंबई भातसाचे पिते, म्हणून भातसाचे नाव पेपरात येते आणि ह्याचे येत नाही. पण भोंगा ह्यालाही होता. दरवाजे उघडण्याआधी भरतने बटण दाबायचे आणि खालच्या गावाने नदीतून बाहेर यायचे, असा करार होता. दरवाजे उघडत पावसाळ्यात. म्हणजे वर्षाचा मोठा भाग, ते बटण चुकून कोणी दाबत नाही ना हे पाहणे, एवढीच संस्कृतीची सेवा भरतच्या वाट्याला येई. त्यासाठी त्याने बटणावर एक कान तुटलेला कप उपडा घालून ठेवला होता.

जानेवारीतल्या एका सकाळी हा जबाबदार मनुष्य ड्युटीवरून मधेच उठून धरणाच्या कॉलनीतल्या अंगणवाडीत गेला. त्याच्या मुलाचे, ऋतिकचे, स्वेटर घरी राहिले होते. तो दारात पोहोचला आणि त्याच क्षणी खिचडीच्या टोपावरचे जर्मनचे झाकण लहानीच्या, म्हणजे तिथल्या मदतनीस बाईच्या हातून सुटले. फरशीवर पडले ते एकदाच पडून थांबले नाही. काठावर उभे राहून गोल गोल फिरले, फिरत फिरत आडवे झाले, आणि आडवे होताना असे काही कडाडले की भरतच्या दाढा दुखल्या. सगळी पोरे दचकली. एक जण बसल्या जागी ओला झाला. सेविका गोदूबाई छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "अगो लहाने, जीव घेतीस काय पोरांचा!" ऋतिक भिंतीशी पाठमोरा बसून चिंचोके एका ओळीत लावत होता. एक चिंचोका वाकडा लागला होता. तो त्याने उचलला, पुसला, सरळ लावला. मग त्याने मान वळवली, रडणाऱ्या पोरांकडे पाहिले, एकेकाचे तोंड नीट पाहिले, आणि ओळखदेख नसलेल्या घरच्या मयताला गेलेला मनुष्य जसा जरा उशिराने डोळ्यांना रुमाल लावतो, तसा तोही रडू लागला. "बघा भाऊ," गोदूबाई भरतला म्हणाल्या, "किती गुणाचं पोर! बाकीची लगेच रडली. ह्यानं आधी बघितलं, विचार केला, मंग रडला."

भरतने स्वेटर दिले आणि तो परत निघाला. त्याला प्रथम राग आला तो झाकणाचा. सरकारने अंगणवाडीला झाकणे तरी जरा जाड द्यावीत. मग लहानीचा राग आला. मग, कॉलनीतल्या उताराच्या रस्त्यावर, जिथे वरून पाटाच्या पाण्याचा आवाज येतो तिथे, त्याला हा आवाज आज पहिल्यांदाच आल्यासारखा वाटला आणि तो थांबला. दिवाळीत सुतळी बॉम्ब लागला तेव्हा सगळ्यांची पोरे आयांच्या पदरात शिरली होती आणि ऋतिक धुराकडे बोट दाखवून हसत होता. "वाघ हाय आमचा," असे भरत तेव्हा शेजाऱ्यांना म्हणाला होता, आणि शेजाऱ्यांनी वाघाला चकली दिली होती. डंपर मागून येत होता आणि ऋतिक रस्त्याच्या मधोमध खडे वेचत बसला होता. त्याला उचलून आणून दोन धपाटे दिले होते. ते धपाटे आता भरतच्या हाताला आठवले. कॉलनीत, त्या नावाच्या नटाचा पहिला सिनेमा आला त्या सालात जन्मलेले तीन ऋतिक होते. बाहेरून हाक मारली की दोन ऋतिक वळत आणि तिसरा वळत नसे. तिसरा आपला. एवढे दिवस भरतला वाटायचे, ह्यालाच तेवढी कळते की हाक नेमकी कोणाला आहे.

तसे विचारायचे कोणी बाकी ठेवले होते असे नाही. मूल बोलत नाही हे त्याच्या बायकोच्या, रंजनाच्याही लक्षात आले होते आणि भरतच्याही. दोघांनी ते एकमेकांना सांगितले नव्हते, इतकेच. डोस द्यायला येणाऱ्या नर्सबाई म्हणाल्या होत्या, अजून लहान आहे. शहापूरचे डॉक्टर म्हणाले होते, मुलगे उशिराच बोलतात. भरतची आई म्हणाली होती, तुझा थोरला भाऊ शाळेत जायच्या टायमाला बोलला, आणि आता त्याला थांबव बघू. गोदूबाईंच्या अंगणवाडीत दर महिन्याला ऋतिकला काट्याच्या झोळीत घालून टांगत, वजन करत आणि तक्त्यावर टिंब देत. ते टिंब नेहमी हिरव्या पट्ट्यात. गोदूबाई पर्यवेक्षिकाबाईंना तो तक्ता मुद्दाम दाखवत. खिचडी, लसी, जंताचे औषध, ह्यातले ऋतिकला काही चुकले नव्हते. शासन पोराच्या पोटाची, दंडाच्या घेराची, उंचीची चौकशी करत होते. कानाचे वजन करायचा काटा मात्र अजून निघालेला नव्हता. निघाला असता तर त्याचेही टिंब बहुधा हिरव्यातच पडले असते. ऋतिकचे कान चांगले मोठे, बापावर गेलेले होते.

त्या दिवसापासून भरतने घरात प्रयोग सुरू केले. तो पाठीमागून किल्ल्या वाजवी. शिट्टी मारी. दाराआड उभा राहून "ऋतिक" म्हणे, आधी हळू, मग मोठ्याने, मग पलीकडच्या क्वार्टरमधला ऋतिक "काय काका?" म्हणून धावत येईपर्यंत मोठ्याने. निकाल एकही धड लागेना. स्टीलचे ताट आपटले तर पोर वळेना; बिस्किटाचा पुडा फोडला की वळे. हे कसे? भरतने ताट पुन्हा आपटले. ऋतिक चिंचोक्यांत दंग. भरतने पुड्याला नुसती बोटे लावली, आणि ऋतिक हात पसरून समोर उभा. हे पोर आपल्या खात्यात सहज लागेल असे त्याला वाटून गेले. मग संशय आला की पुडा फोडताना आपली सावली भिंतीवर हलते. त्याने दिवा घालवला. अंधारात पुडा फोडला. ऋतिक आला. की बिस्किटाच्या वासाने आला? की दिवा गेला म्हणून बापाला शोधत आला? भरत अंधारात पुडा हातात धरून बसून राहिला आणि ऋतिकने त्याच्या मांडीवर बसून सगळी बिस्किटे खाल्ली.

"तुमी त्याला भंडावून सोडू नका," रंजना म्हणाली. "तो ऐकतो. मला ऐकतो. तुमचं ऐकत नाय, त्याला मी काय करू?" आणि हे खरे होते. रंजनाने "चल जेवायला" म्हटले की तो उठे. भरत आता तिच्यावर नजर ठेवू लागला, म्हणजे एखाद्या घरात चोर आहे अशी खबर आल्यावर पोलीस ज्या नजरेने घरच्यांकडे पाहतात तसा. रंजना आधी पोराच्या समोर येई, गुडघ्यावर बसे, त्याची हनुवटी दोन बोटांनी उचले, आणि मग म्हणे, "चल जेवायला." पाठीमागून हाक मारताना त्याने तिला एकदाही पाहिले नाही. हे ती कधी शिकली? कोणी शिकवले? तिलाच ठाऊक होते की नव्हते? मग ह्या घरात कोण कोणाला फसवत होते: आई बापाला, पोर आईला, की तिघे मिळून शेजाऱ्यांना? हे तिला विचारायला तोंड उघडले आणि त्याच्या लक्षात आले की गेल्या कित्येक महिन्यांत आपणही घरात फारसे बोलत नाही. उत्तर येत नाही तिथे मनुष्य हळूहळू बोलायचे सोडतो, आणि सोडले हे त्याला कळतही नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज एवढा मोठा ह्याच घरात होता.

"शहापूरला अपंगांचं शिबिर भरणार आहे," तो एकदा म्हणाला. रंजनाने पोळपाट बाजूला ठेवला. "त्याला नाय न्यायचं." का, म्हणून त्याने विचारले. "एकदा कागदावर चढला की मंग तो तोच. मंग कोण त्याला नावानं हाक मारल?" भरतच्या घरी असा एक काका होता. बापाचा चुलतभाऊ. ठार बहिरा आणि मुका. गोठ्याच्या पडवीत निजायचा. बैल परतायची वेळ झाली की बसल्या जागी जमिनीवर तळवा टेकवायचा आणि बैल दिसायच्या आधी उठून दावी तयार ठेवायचा. लहानपणी भरतला ती जादू वाटायची. पेंढ्यात भात बांधून केलेल्या त्याच्या हातच्या मुडीला गावात तोड नव्हती. पण त्याचे नाव? भरतने खूप आठवून पाहिले. सगळे त्याला मुकाच म्हणायचे. मुक्याला जेवायला वाढ. मुक्याला ताप आलाय. मुका गेला. त्याने शहापूरला जाऊन आईला विचारले. आई सुपात तांदूळ पाखडता पाखडता थांबली. "थांब हां," ती म्हणाली. तिने तांदळातला एक खडा वेचून टाकला. "काय तरी व्हतं. चांगलं नाव व्हतं रे. बारशाला मी नव्हते ना, मी मागनं आले लग्न होऊन." एक अख्खा मनुष्य भात खाऊन, भात पेरून, भात बांधून निघून गेला होता आणि त्याचे नाव घरात कोणाकडे शिल्लक नव्हते. परत येताना एसटीत भरत मनातल्या मनात ऋतिक, ऋतिक, असे म्हणत बसला. शेजारच्या बाईला वाटले, जप चाललाय; तिने पाय जरा आवरून घेतले.

दरम्यान रंजनाचे वडील यमाजी खालच्या गावाहून पेरू घेऊन आले. पोपटाने चोच मारलेला पेरू खाल्ला की पोर पोपटासारखे बोलते, हे त्या बाजूला सगळ्यांना ठाऊक आहे. यमाजींनी धोतराच्या सोग्यातून पेरू काढला आणि जरा खाकरून म्हणाले, "पोपट नाय गावला, जावईबापू. खारीनं खाल्लेला हाय. चालंल ना?" चालेल की नाही हे सांगणारे कोणी जवळ नव्हते, म्हणून चालवला. पुढच्या आठवड्यात ऋतिक पहिल्यांदाच कुंपणाजवळच्या सागावर सरसर चढला. "बोललो नव्हतो?" यमाजी म्हणाले. "गुण येतो."

हे सगळे डोक्यात घेऊन भरत भोंग्याच्या खोलीत बसत असे, आणि उपड्या कपाकडे पाहत असे. किल्ल्या, ताट, शिट्टी, हे सगळे लहान आवाज. मोठ्या प्रश्नाला लहान आवाजात उत्तर कसे मिळेल? जगात एकच आवाज असा होता, जो आला नाही असे म्हणायची सोय कोणालाच नव्हती. आणि तो आवाज भरतच्या ताब्यात होता. त्याने रंजनाला सगळे समजावून सांगितले. रविवारी सकाळी, अंगणवाडी बंद असताना, तिने पोराला घेऊन ओट्यावर बसायचे, डोंगराकडे तोंड करून. दुसरे काही करायचे नाही. फक्त पोराच्या तोंडाकडे बघत राहायचे. दचकला तर दचकला, नाही तर नाही. एकदाच काय ते कळेल. रंजना हो म्हणाली. भरतने दोनदा विचारले, ती दोनदा हो म्हणाली. रविवारी त्याने कप उचलला, खाली बुरसलेले बटण होते, ते पुसले, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी, आकाशात एक ढग नसताना, धरणाचे पाणी तळाला गेलेले असताना, दाबले.

भोंग्याचा आवाज सुरू होतो तो आधी पोटात येतो, मग कानात. भरत बटण दाबून उभा राहिला आणि एकदम त्याला वाटले, आपण ही बोंब आजवर मारली ती कोणासाठी? ज्याला ऐकू येते त्याच्यासाठी. नदीत खेकडे धरायला वाकलेला असेल, पाठमोरा असेल आणि ऐकू येत नसेल, त्याच्यासाठी ह्या खोलीत काहीही सोय नव्हती. त्याने बटण सोडले आणि तो घराकडे धावला. ओटा रिकामा होता. घर उघडे. शेजारची सगळी दारे उघडी. कॉलनीच्या मागच्या टेकडीवर, करवंदीच्या जाळीपर्यंत माणसेच माणसे होती आणि त्यांत सगळ्यांत वर, ऋतिकला काखेत मारून, केस सुटलेली रंजना. ऋतिक खदाखदा हसत होता.

"बघितलंस? त्याचं तोंड बघितलंस?" भरतने खालूनच विचारले.

"कुणाचं?"

"पोराचं! भोंगा झाला तेव्हा!"

"भोंगा झाला तेव्हा मी पळत होते."

"अगो, पण मीच वाजवणार होतो ना! तुला सांगून गेलो होतो ना!"

"सांगून गेलेलात. पण भोंगा तो भोंगा. आई सांगायची, भोंगा झाला की मागं बघायचं नाय, पोर उचलायचं नि वर पळायचं."

"अगो, मागं कुठं, पोराकडं बघायचं होतं!"

"पोर काखेत होतं. काखेतल्या पोराचं तोंड कसं दिसल?"

 ती नदीकाठच्या गावची, तिचे पाय तिच्या आधी भोंगा ऐकत. पोर हसत होते, पण ते भोंग्याला हसत होते की काखेतून आईचे पळणे बघून हसत होते, हे आता देवालाही सांगता आले नसते. थोड्या वेळाने यमाजी घाम पुसत वर आले. खाली त्यांच्या गावाने शेरडे, गाद्या आणि गावातला एकमेव रंगीत टीव्ही मारुतीच्या देवळावर चढवला होता. पावसाळ्यात भोंगा झाला तर दार उघडले, आणि उन्हाळ्यात झाला तर धरणच फुटले, असा त्यांचा सरळ हिशेब.

"जावईबापू, धरण फुटलं काय?"

"नाय."

"मंग पाणी सोडलं काय?"

"नाय."

"मंग वाजवला कशाला?"

"ऋतिकला ऐकू येतंय काय ते बघत होतो."

यमाजींनी फेटा काढला, पुन्हा बांधला, विचार केला. "आमाला आलं," ते म्हणाले.

साहेबांनी लेखी खुलासा मागितला. भरतने रात्री कागद पुढ्यात घेतला. खरे काय ते लिहिले तर नोकरी जाईल आणि खोटे सुचेना, म्हणून त्याने एकच शब्द लिहिला, "चाचणी", आणि तो खराच होता. साहेबांनी तो वाचला, वर पाठवला, वरच्यांनी आणखी वर, आणि मग वरून शाबासकी नव्हे पण परिपत्रक आले: ह्यापुढे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चाचणी भोंगा वाजवावा. खालच्या गावाला आता त्याची सवय झाली. त्या भोंग्यावर कोणी पळत नाही. घड्याळे लावून घेतात. रंजना मात्र दर पहिल्या रविवारी पोर उचलून टेकडीवर पळाली. त्यामुळे जिच्यासाठी हे परिपत्रक निघाले ती चाचणी तेवढी कधीच झाली नाही.

शेवटी शिबिराला जायचे ठरले ते रंजनानेच ठरवले. अशाच एका पहिल्या रविवारी टेकडीवर पळताना तिचा पाय घसरला, ऋतिक तिच्या हातून सुटून पुढे घरंगळला, ती मागून जीव तोडून ओरडली आणि तो न वळता करवंदे तोडत राहिला. घरी येऊन ती एवढेच म्हणाली, "सकाळची एसटी कितीची हाय?"

शिबिर शहापूरच्या एका मंगल कार्यालयात होते. व्यासपीठावर आदल्या दिवसाच्या लग्नाची अक्षरे अजून अर्धी चिकटलेली होती आणि नवरानवरीच्या मखमली सिंहासनावर तज्ज्ञ डॉक्टर बसले होते. खाली खुर्च्यांवर आया. एकीच्या मांडीवर मान न धरणारे पोर होते, एकीचे चार वर्षांचे पोर अजून बसत नव्हते. आणि प्रत्येक आई शेजारणीला तेच सांगत होती: आमाला सगळे बोलले, अजून लहान आहे. ऋतिकची पाळी आली. डॉक्टरांनी त्याला रंजनाच्या समोर बसवले आणि मागे जाऊन टाळी वाजवली. ऋतिकने चटकन मागे पाहिले. भरतच्या छातीतून एवढा मोठा श्वास बाहेर पडला की रांगेतल्या लोकांनी त्याच्याकडे पाहिले. "बोलले नव्हते?" रंजना म्हणाली.  डॉक्टर आई आणि पोर ह्यांच्याकडे आळीपाळीने बघत राहिले. "बाई, आता तुम्ही डोळे मिटा," ते म्हणाले. रंजनाने डोळे मिटले. डॉक्टरांनी टाळी वाजवली. घंटी वाजवली. स्वयंपाकघरातून मागवून घेतलेली लग्नाची परात सिंहासनाच्या हातावर आपटली, मंगल कार्यालयातली सगळी पोरे रडू लागली. ऋतिक आईच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत बसला होता. त्याला ते आवडले नसावे. त्याने बोट पुढे केले आणि तिची पापणी हळूच वर उचलली.

तो तिच्या डोळ्यांनी ऐकत होता. मागे काही झाले की तिची नजर हलायची, आणि तिची नजर हलली की तो वळायचा. रंजना उघडलेल्या त्या एका डोळ्याने पोराकडे बघत राहिली. भरतला वाटले, आता ती रडेल, आता रडेल. ती रडली नाही, तिने पोराचे बोट डोळ्यावरून काढून तोंडात धरले. "चार वर्षं होत आली," डॉक्टर म्हणाले. "इतके दिवस काय करत होता तुम्ही?" भरतने सांगायचा प्रयत्न केला की इतके दिवस तो लहान होता. ते सांगताना त्याचे त्यालाच समजेना. कालपर्यंत फार लवकर होते आणि आज फार उशीर झाला होता. मग मध्ये कुठे तरी एक सकाळ अशी असणार, जी बरोबर वेळेची होती. त्या सकाळी तो कुठे होता? बहुतेक कपाशेजारी.

पुढे ठाण्याला मोठी तपासणी झाली. पोर झोपलेले असताना डोक्याला वायरी लावायच्या होत्या, म्हणून झोपेचे औषध दिले. औषध पोराने घेतले आणि झोप बापाला लागली. ऋतिकने त्याच्या अंगावरून उड्या मारून सगळे बाकडे जागे ठेवले. दुसऱ्या खेपेला तपासणी झाली आणि जे होते ते कळले: दोन्ही कानांनी फार थोडे. शाळेचे विचारले तर कॉलनीतल्या शाळेचे गुरुजी म्हणाले, सहा पूर्ण झाल्यावर बघू. मुरबाडच्या बाजूला मुक्या-बहिऱ्या मुलांची एक शाळा होती; तिथेही सहानंतरच या, असे सांगितले. गोदूबाई म्हणाल्या, "माझ्याकडं असू दे तवर, त्याचा काय तरास नाय." म्हणजे सहापर्यंत ह्या पोराने गुणी असावे, खिचडी खावी आणि हिरव्या पट्ट्यात राहावे, ह्यावर सगळ्यांचे एकमत होते. एकमत नव्हते ते फक्त समीक्षा मॅडमचे. ही मुलगी मुरबाडची, वयाने भरतच्या धाकट्या बहिणीएवढी. आठवडे बाजाराच्या दिवशी शहापूरला धान्याच्या दुकानावरच्या खोलीत सतरंजी टाकून ऐकू न येणाऱ्या लहान पोरांना शिकवायला बसायची. "सहाव्या वर्षी शाळेत बसवून काय उपयोग, काका? बोलणं शिकायचं ते आत्ता," ती म्हणाली. "कानाचं मशीन मिळेल. पण मशीन काय, नुसतं आवाज पोचवतं. बोलायचं तुम्ही. भाजी चिरताना, आंघोळ घालताना, सतत. उत्तर येणार नाही. वर्षभर येणार नाही कदाचित. तरी बोलायचं."

"काय बोलायचं?" भरतने विचारले.

"काय म्हणजे? घरात बोलता ना तुम्ही?"

भरतने रंजनाकडे पाहिले. रंजनाने सतरंजीकडे पाहिले.

मशीन आले त्या बाजाराच्या दिवशी खोलीत तिघे आणि समीक्षा मॅडम एवढीच माणसे होती. ऋतिकच्या छातीवर पट्ट्यात अडकवलेली डबी, तिच्यातून निघालेल्या दोन वायरी, कानांत साच्याच्या गुलाबी गोळ्या. तो सतरंजीवर बसून लाकडी मणी ओवत होता, रंजना त्याच्या पाठीशी, अगदी लागून, भरत समोर. "आता चालू करते," समीक्षा मॅडम म्हणाली. "दोघांपैकी कोणी तरी आधी बोला. ओळखीचा आवाज असू दे. हळू." आधी आपणच बोलायचे, हे ठरवून भरत आठवडाभर तयारी करत होता. ज्याने जन्मल्यापासून काही धड ऐकले नाही, त्याला पहिले काय ऐकवायचे? 'मी तुझा बाबा' म्हणावे, तर एवढी वर्षे मांडीवर बसणाऱ्याला नव्याने ओळख करून दिल्यासारखे. 'घाबरू नको' म्हणावे, तर घाबरायचे काही आहे हे त्याला पहिल्यांदा बापाकडूनच कळणार. आई म्हणाली होती, देवाचे नाव घे. पण कोणत्या देवाचे, हे ठरवण्यात दोन दिवस गेले, आणि ह्या कामात आजवर लक्ष न घातलेल्या देवाला एकदम पहिला मान देणे भरतच्या जिवावर आले. नुसते 'ऋतिक' म्हणावे. तेच बरे. ते नाव एकदा आत गेले की बाहेरच्यांनी काही म्हटले तरी आत राहील. त्याने घसा खाकरला, आणि चटकन डबीकडे पाहिले: मशीन चालू झाले असेल तर? ह्याच्या आयुष्यातला पहिला आवाज म्हणजे बापाचे खाकरणे? "चालू झालं?" त्याने घाबरून विचारले. "अजून नाही," ती म्हणाली, आणि तिने डबीवरचे चाक फिरवले.

ऋतिकच्या हातातला मणी तिथेच थांबला. त्याने खाली डबीकडे पाहिले नाही, वायरीकडे पाहिले नाही, समोर बापाकडेही नाही. खोलीतल्या हवेकडे पाहिले, जणू तिथे कोणी तरी येऊन बसले होते. खाली बाजारात कोणी तरी मिरच्यांचा भाव ओरडत होते. पंख्याचे एक पाते खडखडत होते. भरतने तोंड उघडले. नाव जिभेवर होते, आणि जीभ हलेना. एवढे मोठे गाव त्याने एका बटणावर नदीबाहेर काढले होते आणि आता तीन अक्षरे ओठांबाहेर निघत नव्हती. समीक्षा मॅडमने त्याला हाताने खूण केली, बोला, बोला. भरतच्या डोळ्यांत पाणी आले आणि आवाज आला नाही.

रंजनाला ह्यातले काही दिसत नव्हते, ती मागे होती. डबीवरचे चाक केव्हा फिरवले तेही तिला कळले नव्हते. ती अवघडली होती, आणि नीट बसायला म्हणून जरा उठत होती.

"ए, पाय काढ रे," ती म्हणाली.

ऋतिकने मान वळवली. तिने त्याला हात लावला नव्हता. तिचे डोळे त्याला दिसत नव्हते. भिंतीवर सावली नव्हती, भरतने पटकन पाहून घेतले. वाराही त्या बाजूने नव्हता. पोर वळून आईच्या तोंडाकडे बघत होते, ज्या जागेतून तो आवाज आला त्या जागेकडे, आणि त्याचे स्वतःचे तोंड उघडे पडले होते. समीक्षा मॅडमने हात तोंडावर धरला. भरतला वाटले, आता काही तरी म्हटले पाहिजे. एखादे मोठे वाक्य, जे पुढे सांगता येईल. रंजना पदराचे टोक ओढत होती. ते सुटत नव्हते.

"बघतोस काय असा?" ती म्हणाली. "पाय उचल ना. पदर हाय माझा खाली."